आंधळ्याला दूध

नाटे गावच्या खाडीवर कालवं फोडण्यात धोंडूबाईचा हात धरणारं कोणी नव्हतं. सुकती लागून पाणी मागे हटलं, की आम्ही दोघी शेजारणी कोयता घेऊन खडकावर हजर. कालव खडक सोडत नाही. जागच्या जागी वरची शिंपी फोडायची आणि आतलं मांस काढायचं. नवरा लवकर गेला, तेव्हापासून याच कालवांवर तिने एकुलत्या लेकाला, सागरला, वाढवलं. वर दिवसभर तोंड चालू, माझी चेष्टा तर हक्काची.

गेल्या पावसाळ्याअखेरीस तिला झटका आला. हातपाय वाचले, शब्द मात्र भलतेच येऊ लागले.

मुंबईहून सागर आला. गुणी पोरगा, पण घाबरट. आई रोज तिन्हीसांजेला म्हणायची, "आंधल्याला दूध पाज." सागर खरंच पेला घेऊन वरच्या वाडीत डोळ्यांनी अधू बाबल्याकडे गेला. बाबल्याने नुकताच मोतीबिंदू काढून घेतला होता, आता त्याला स्वच्छ दिसत होतं. तो असा चिडला, की दूध पिऊन वर शिव्या दिल्या.

"आयचं डोकं गेलं, काकी," सागर मला म्हणाला. "शनवारच्या गाडीनं मुंबईला न्हेतो. घराला कुलूप घालतो."

"तिला इचारलंस?"

"इचारून तिला कलनार हाय काय?"

माझं डोकंच फिरलं. त्या संध्याकाळी मी तिच्याजवळ ठाण मांडून बसले. ती पुन्हा तेच म्हणाली आणि देव्हाऱ्याकडे बघत राहिली. दिवा विझलेला होता. उजेड गेलेला, आंधळा. मी त्याला तेल पाजलं, वात पेटवली, आणि दुखण्यानंतर पहिल्यांदाच धोंडूबाई हसली.

बाईचं डोकं शाबूत होतं. हवा तो शब्द सापडेना, म्हणून ती शेजारच्या शब्दाचं दार ठोठावत होती. आनंदाने मला रात्री जेवण जाईना.

दुसऱ्या दिवशी सागर रडकुंडीला येऊन दारात उभा. "काकी, आता म्हनते, तीन डोल्यांच्याचं टकुरं फोड. शंकराचं डोकं फोडू मी?"

मी धावत गेले. चुलीवर माशांचं कालवण रटरटत होतं, पांचट, वाटणाशिवाय.

"अरे, शेंडीखाली तीन डोले कुनाला असतात?"

तो बघतच राहिला. मग हसत सुटला आणि हसत हसतच त्याने नारळ फोडला. धोंडूबाई त्या दिवशी मागून घेऊन जेवली. मला वाटलं, जिंकलो.

पण शनिवारी पिशवी भरलेलीच. "तिचं बोलनं कललं, काकी. पन एकटीला कशी ठेवू?" त्याचंही खोटं नव्हतं. मला वाईट वाटलं आणि त्याचा रागही आला.

धोंडूबाई दाराची चौकट धरून उभी होती. तिने पिशवीकडे बघितलं, मग सागरकडे.

"कालवाला येष्टीत बशीवतात काय?"

मी अर्थ सांगायला तोंड उघडलं, तर सागरनेच हात करून मला थांबवलं. मग त्याने पिशवी पुन्हा घरात नेऊन ठेवली.

"नाय बशीवत, आये. कालव जातंय कुटं? भरतीच येते त्याच्याकडं. मी येत जाईन."

तिने विचार केला. "आन सुकतीला?"

मी कोनाड्यातला तिचा कोयता काढला आणि तिच्या हातात दिला.

"सुकतीला मी हाय."