माझं पोट आणि माझी भाची

अख्ख्या पेडण्यात माझ्याहून हट्टी माणूस एकच, माझी भाची. मी सुर्ल्याच्या खाणीवर ट्रक चालवून म्हातारा झालो, शाळेचं फारसं तोंड पाहिलं नाही, पण घराण्याचा हट्ट पुढे न्यायला ही सर्जन बाई जन्मली याचा मला अभिमान आहे. चहा पिता पिता ती जनेलाच्या, म्हणजे खिडकीच्या, गजाला दोरा लावून एका हाताने गाठी मारत बसते. बांगडा असा साफ करते की पाण्यात सोडला तर पोहेल. एकदा काजूच्या पोत्याचं तोंड तिने शिवून दिलं, ते म्हापशाच्या व्यापाऱ्याला उसवेना, शेवटी त्याने पोतंच फाडलं. तिची आई, म्हणजे माझी बहीण, कपाळाला हात लावते. "हिच्याशी लगीन कोण करतलो?" ही म्हणते, "आई, सुई माझ्या हातात आहे, जपून बोल."

इस्पितळात मात्र तिचं काही चालत नव्हतं. रोगी तिला सिस्टर समजून भांडं मागायचे. वरचे डॉक्टर पोट उघडायला मुलग्यांना सांगत आणि टाके घालायला हिला. "शिवणकाम बायकांनाच शोभतं," म्हणत. मागून आलेले मुलगे उघडू लागले, ही शिवतच राहिली.

अशात मला हर्निया झाला. ऑपरेशनच्या टेबलावर वरचे डॉक्टर म्हणाले, "आजोबा, हा उघडेल, भाची शिवेल." हा म्हणजे एक मिशीवाला पोरगा. मी उठलो आणि तो मागून उघडा हिरवा झगा घालून तसाच दाराकडे निघालो. "मगे तुमचीच पोटां उघडा. मी चल्लंय!"

"मामा, गप झोप! मागसून सगळा दिसता!"

"दिसांदे!"

नर्सा तोंडाला हात लावून हसू लागल्या. डॉक्टर वैतागून म्हणाले, "बाई, तूच कर."

पाठीत सुई दिल्यावर माझं कमरेखालचं अंग बधिर झालं, कान शाबूत होते. सुरी मागताना तिचा आवाज जरासुद्धा हलला नाही. काम संपल्यावर ती मिशीवाल्याला म्हणाली, "आता तू शीव. नाजूक काम आहे, जमेल ना?" त्याने शिवलं, तिने उसवून पुन्हा शिवायला लावलं. मी पडून सगळं ऐकत होतो. इतकं सुख मला जेवतानाही झालेलं नाही.

आता ती बेळगावला असते, दिवसभर पोटं उघडते. फोनवर विचारते, "मामा, काही दुखतं का?" खरं तर काही दुखत नाही. पण हल्ली मी लगेच "नाही" म्हणत नाही, तिला उघडायला आणखी काही मिळेल का ते थोडा वेळ आठवून बघतो.