तोरिकेची काठी

रोटुमा बेटावर लग्न म्हटलं की विदूषक म्हणून तोरिके हवीच. लग्नापुरतं राज्य तिचं. हातात काठी घेऊन ती मांडवभर फिरणार आणि ती म्हणेल ते भल्याभल्यांनी करायचं. गावप्रमुख हिआगीलाही तिने कितीदा भर उन्हात नाचवलं, आणि तो निमूट नाचला. रीतच तशी.

त्या तोरिकेच्या छातीत गाठ निघाली. कॅन्सर. विमानाने सुवा शहरी नेऊन ऑपरेशन करायचं ठरलं आणि बाईची झोप उडाली, अन्न जाईना. त्यात, नेमकं जिथे चिरायचं त्याच जागी नागीण उठली.

"काळजीने अंगातली ताकद खचते, मावशी," बेटावरचा डॉक्टर म्हणाला. "मग दबा धरून बसलेला आजार डोकं वर काढतो. नागीण सुकल्याशिवाय ऑपरेशन नाही. तोवर अजिबात काळजी करायची नाही!"

झालं! आता काळजी लागली त्याचीही काळजी सुरू झाली.

गाव मायेचं. सकाळपासून चटयांवर बसून प्रार्थनागीतं, तीही मयताला गातात ती. नवरा फातिआकी वारा घालता घालता सारखा विचारी, "आता वाटतेय का गं काळजी?"

"तुमचं तोंड बघितलं की वाटते!"

एका दुपारी हिआगी गोडाची टोपली घेऊन आला आणि तिला बघताच हुंदके देऊ लागला. तोरिकेचं टाळकंच फिरलं. भेटायला आलाय की पोचवायला? तिने कोपऱ्यातली काठी उचलली.

"ए हिआगी! ऊठ! अंगणात जा आणि नाच!"

"अगं, पण लग्न कुठंय?"

"काठी दिसत नाही का तुला?"

काठी दिसली तसे त्याचे पाय आपसूक हलू लागले. मग प्रार्थनेला आलेल्या पाद्रीबाबांना कोंबडी होऊन अंडं घालावं लागलं. तोरिके कूस दाबून हसली. "अयाई गं, दुखतंय!" म्हणत पुन्हा हसली, दोन घास जेवली आणि रात्री चक्क घोरली.

रोज हाच तमाशा. नागीण सुकली. औषधाने की हसण्याने, डॉक्टरला नक्की सांगता येईना. झोप आणि जेवण कामी आलं एवढं खरं, म्हणाला.

विमानाकडे जाताना ती दर दोन पावलांना थांबत होती. भीती काही गेली नव्हती. तिने काठी फातिआकीच्या हातात दिली. मागे गवतावर हिआगी घामाघूम होऊन नाचत होता.

"तोरिके, थांबू का आता?"

"मी परत येईपर्यंत थांबायचं नाही."

"मग लवकर ये गं बाई," हिआगी नाचता नाचता रडू लागला, "माझे गुडघे गेलेत."