निंगप्पा मुकादमाची हाळी

निंगप्पा मुकादमाची उमर रुळावर गेली. आता कुर्डुवाडीला यंत्र येतं, खडी दाबून निघून जातं. त्याच्या काळी ते काम माणसाच्या दंडात होतं. घण, खडी ठोकायचे बीटर, रूळ धरायचे चिमटे आणि पुरुषभर उंचीच्या पहारी. गँगची माणसं पहारी लावून रूळ हलवायची. निंगप्पा बाजूला उभा राहून हाळी द्यायचा. त्या हाळीचं लोखंडसुद्धा ऐकायचं, असं आम्ही गावकरी अजून म्हणतो.

परतीच्या पावसात भिजलेलं त्याच्या घराचं मातीचं माळवद भरदुपारी खाली बसलं. आत त्याची बायको मल्लव्वा होती. तिच्या कमरेखालच्या अंगावर छताची तुळई आडवी पडली होती.

"मल्लव्वा! ए मल्लव्वा!" निंगप्पा बाहेरून ओरडला.

"वरडताय कशाला? हितंच हाय की. कुटं जाणार?" मातीआडून आवाज आला. "पाय दुखतोय लई."

ओढा भरलेला, त्यामुळं जेसीबी पलीकडंच अडकला. शेजारचा सिद्धेश्वर चार गडी घेऊन धावला. निंगप्पानं भंगारातून आणून ठेवलेल्या जुन्या पहारी त्यांनी तुळईखाली घातल्या.

"मुकादम, खाली बायकू हाय, रूळ न्हवं," मल्लव्वा म्हणाली.

"गप पड."

त्यानं छाती भरून हाळी दिली, "बोला रं गड्यांनो!"

रुळावर या हाळीला कुणी जोर करत नसे. हाळी आली की पहार नीट बसवायची. मग सगळ्यांनी "हैय्या" म्हणायचं आणि त्या शब्दावर उचलायचं. हे कुणाला सांगावं लागतं, हेच निंगप्पाच्या ध्यानात आलं नाही. हाळी ऐकताच सिद्धेश्वरनं आणि आणखी एकानं जोर केला. बाकीच्यांच्या पहारी बसल्याच नव्हत्या. तुळई एका अंगानं उठली, कलली, आणि धाडकन खाली आली.

खालून आवाज आला नाही.

"मामा, तुमीच म्हणालासा की!" सिद्धेश्वर रडकुंडीला आला.

"व्हय. मीच म्हणालो."

मुकादमानं पहारीला हात लावायचा नसतो, ही गँगची रीत. निंगप्पानं एकाच्या हातातली पहार हिसकावून घेतली. "आता हाळी न्हाय. माज्या खांद्याकडं बघा. हलला की उचला."

तुळई उठली. रिकाम्या झालेल्या गड्यानं मल्लव्वाला ओढून काढलं. छातीत धुगधुगी होती, डोळे मिटलेले. शेजारून आलेल्या बायांनी तिला बाजेवर घातलं, गावातल्या दवाखान्याकडं नेलं.

गड्यांनी तुळईखाली दगड सारले, पहारी टाकल्या. निंगप्पा तसाच वाकलेला, पहार धरून.

"मामा, अव्वाला काढली की. सोडा आता."

"ती काय बोलली का?"

"न्हाय."

"मग कशी सोडू?"