भिकनभाऊंचा सायलेन्सर

"साहेब, हिचा आवाज वाढवून द्या."

सर्व्हिस काउंटरपाशी उभा असलेला माणूस हे इतक्या जोरात म्हणाला, की पलीकडे वॉशिंग रॅम्पवर गाडी धुणाऱ्याने पाण्याचा पाइप बंद करून आमच्याकडे पाहिलं.

सुरतेत एका मोटारसायकल डीलरकडे मी सर्व्हिस मॅनेजर होतो. नव्वदच्या दशकातली गोष्ट. आवाज कमी करून द्या म्हणणारे रोज यायचे. चेनचा आवाज, मडगार्डचा खडखडाट, इंजिनातली टिकटिक. वाढवून द्या म्हणणारी फक्त कॉलेजची मुलं असायची, आणि तीसुद्धा जरा कोपऱ्यात घेऊन सांगायची. हा गृहस्थ चाळिशीतला होता. इस्त्रीचा शर्ट, कपाळाला गंध, चेहऱ्यावर रात्रभर झोप न झाल्याचा शीण.

मी त्याच्या गाडीला किक मारली. शोरूमच्या काचा थरथरल्या. आमचे शेठ नटूभाई चहाचा कप हातात घेऊनच केबिनबाहेर आले.

सायलेन्सरच्या आत भोकं पाडलेली एक नळी असते. आम्ही तिला जाळी म्हणायचो. इंजिनातून धडाधडा बाहेर पडणारी हवा या नळीतून वळणं घेत जाते आणि वाटेत तिचा आवाज मुरतो. ती काढली की गाडी बोंबलते. या गाडीची जाळी आधीच कुणीतरी काढलेली होती.

"याच्याहून जास्त कुठून आणू?" मी इंजिन बंद करून विचारलं.

"कुठे आहे आवाज?" तो अगदी मनापासून म्हणाला. "शिलाई मशीन चालल्यासारखी वाटते. आणि पुढे दोन हॅलोजन पण लावून टाका. लांबून समजायला पाहिजे, भिकन पाटील येतो आहे."

मी त्याला बसवून घेतलं आणि सगळी हकीकत विचारली. भिकनभाऊ मूळचे धुळ्याकडचे. पॉवरलूम दुरुस्त करण्यात हातखंडा. काही कारखाने गोडादऱ्याला, काही थेट शहराच्या दुसऱ्या टोकाला कोसाडला. लूम बंद पडला की मालकाला माणूस त्याच क्षणी हवा असतो, म्हणून ही मोटारसायकल. आठवड्यापूर्वी संध्याकाळी पाळी सुटायच्या वेळेला गोडादऱ्याच्या गल्लीतून जाताना एक कामगार सरळ त्यांच्या पुढ्यात आला. यांनी हॉर्न दिला, ब्रेक मारला, तरी हँडल लागलंच. पडलेला माणूस उठवून बघतात तर तो सुकलाल, यांचा सख्खा मेव्हणा.

सुकलालला गुडघा आणि कोपर खरचटण्यावर निभावलं. भिकनभाऊंचं मात्र घरात निभावलं नाही.

"आमच्या घरात बायकोचं एकच चालू आहे," ते म्हणाले. "मना भाऊले पाडं, आते ती फटफटी इका, नहीतं मी चालनू धुयाले. आता गाडी गेली तर कोसाडचं काम गेलं, साहेब. रिक्षा बदलत बदलत जाईपर्यंत मालक दुसरा माणूस बघेल. आणि बायको गेली तर..." पुढचं त्यांनी हातानेच सांगितलं.

"पण आवाज कमी आहे असं कोण म्हणालं?"

"सुकलाल म्हणाला, मला ऐकूच आली नाही. मग मी जाळी काढून घेतली आणि गाडी गल्लीतल्या सगळ्या कामगारांना ऐकवली. सगळे म्हणाले, अजून पाहिजे."

नटूभाई मला केबिनमध्ये घेऊन गेले. "पेठेसाहेब, घराक मागे ए आपवानुं, भाषण नै आपवानुं." गिऱ्हाईक मागेल ते द्यायचं, भाषण द्यायचं नाही. हॅलोजनचे नवे सेट शोकेसमध्ये नुकतेच मांडले होते, त्यामुळे शेठचा जीव त्यात अडकलेला.

"देऊ ना. पण पुन्हा कुणी आडवा आला, तर तो आपल्या शोरूमचं नाव घेत येईल."

हे त्यांना पटलं नाही, पण ऐकायला बरंही वाटलं नाही. शेवटी ठरलं की मी हॅलोजन तात्पुरते जोडायचे, जागेवर जाऊन बघायचं आणि मग काय ते बोलायचं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी भिकनभाऊंच्या मागे बसून मी गोडादऱ्याला गेलो. लिंबायतच्या बाजूने आत शिरेपर्यंत माझ्या दोन्ही कानांत दडे बसले. मागून एक टेम्पो कितीतरी वेळ हॉर्न देत होता. मी मान वळवून पाहिलं, ड्रायव्हरचा हात हॉर्नवरच होता, म्हणून मला कळलं. भिकनभाऊ आपले रस्त्याच्या मधूनच चालले होते. तिथे मला पहिल्यांदा शंका आली.

पाळी सुटायला अवकाश होता, म्हणून ते मला कारखान्यात घेऊन गेले. ज्यांनी पॉवरलूमचा कारखाना पाहिला नसेल त्यांना आवाज कसा सांगू? पत्र्याच्या छपरावर सतत कुणीतरी मुसळं आपटतंय आणि आपण त्या छपराखाली उभे आहोत. माझ्या तोंडातून निघालेला शब्द मलाच ऐकू येईना. आणि गंमत म्हणजे आतली माणसं निवांत गप्पा मारत होती. एकाने बोटांनी काहीतरी विचारलं, दुसऱ्याने मान आणि भुवई हलवून उत्तर दिलं आणि दोघे हसले.

एक लूम बंद पडलेला होता. भिकनभाऊ त्याच्यात हात घालून बसले. काम झालं, तसे ते बाजूला झाले, पण लूम चालवणाऱ्या कामगाराने लगेच हँडल ओढलं नाही. त्याने भिकनभाऊंच्या डोळ्यांत पाहिलं आणि हात वर केला. भिकनभाऊंनी हात वर केला. मग लूम सुरू झाला. थोड्या वेळाने दुसऱ्या लूमवर पुन्हा तसंच.

बाहेर आल्यावर मी विचारलं, "हे हात वर करणं काय?"

"आत ओरडून उपयोग नसतो ना साहेब. समोरच्याने बघितलं आणि हात केला, म्हणजे त्याची बोटं बाहेर आहेत. त्याच्याशिवाय मशीनला कुणी हात लावत नाही. माझी बोटं अजून सगळी आहेत ती त्याच्यामुळेच."

एवढ्यात पाळी सुटली आणि सुकलाल बाहेर आला. किंचित लंगडत, पण आपल्यासाठी शोरूमचा साहेब आला म्हणून खुशीत. मी त्याला म्हटलं, तू नेहमीसारखा गल्लीतून चालत जा, मागे वळून बघायचं नाही, गाडी आलीय असं वाटलं तर हात वर कर. तो निघाला. मी भिकनभाऊंची गाडी घेतली आणि हळूहळू त्याच्या मागे गेलो. गल्लीतली कुत्री पळाली. ओट्यावर भाजी निवडणाऱ्या एका बाईने माझ्याकडे बघून अस्सल शिवी दिली, ती मला तिच्या ओठांवरून समजली. सुकलालचा हात काही वर जाईना. पुढचं चाक त्याच्या पायजम्याला लागेल इतका जवळ गेलो, तरी तो आपला चालतोय. आजूबाजूला पाळी सुटलेले इतरही होते. त्यांच्यातही कुणी वळलं नाही.

मी गाडी बंद केली. भिकनभाऊ धावत आले.

"बघितलं ना साहेब? कमीच आहे आवाज!"

"भिकनभाऊ," मी त्यांच्या समोर येऊन म्हटलं, "ती बाई लूमवर काम करत नाही. तिने ऐकलं. कुत्र्यांनी ऐकलं. ऐकलं नाही ते पाळी सुटलेल्यांनी. दिवसभर त्या आवाजात राहून बाहेर आलेल्या कानांना कुठलाच सायलेन्सर ऐकू येणार नाही. आणि तुम्ही मला आवाज कमी आहे म्हणून सांगता? येताना मागचा टेम्पो किती वेळ हॉर्न देत होता?"

"कुठला टेम्पो?"

त्यांनी कारखान्याकडे पाहिलं, सुकलालकडे पाहिलं, मग नकळत हात कानाशी नेला. चेहरा एकदम उतरला. मला फार वाईट वाटलं. गाडीचा आवाज कमी म्हणून आलेल्या माणसाला, दोष तुमच्या कानांचा आहे, असं भर गल्लीत सांगायची वेळ आपल्यावर यावी!

उरला हॅलोजनचा प्रश्न. तोवर अंधारून आलं होतं. मी भिकनभाऊंना गाडीवर बसवलं आणि समोरून यायला सांगितलं. दोन्ही हॅलोजन लागले आणि गल्लीतल्या सगळ्यांनी डोळ्यांवर आडवे हात धरले. सुकलाल तर रस्त्याच्या मधोमध खांबासारखा उभा.

"अरे, बाजूला हो ना!" मी त्याचा दंड ओढला.

"कोणत्या बाजूला? उजेड दिसतो, पण गाडी जवळ आहे का लांब, काही कळत नाही."

मी मागे जाऊन टेल लॅम्प पाहिला. अगदी उदबत्तीच्या टोकाएवढा. त्या काळच्या मोटारसायकलींना वीज मोजकीच मिळायची. इंजिन फिरेल तेवढी ती तयार होते. गर्दीत गाडी हळू झाली की सगळी वीज पुढचे हॅलोजन ओढून घेणार आणि मागून येणाऱ्या ट्रकला भिकन पाटील दिसणारच नाहीत. चलथाणकडून उसाचे ट्रॅक्टर येतात त्या रस्त्यावर यांना अधूनमधून जावं लागे. त्या ट्रॅक्टरवर टेप एवढ्या मोठ्याने लावलेला असतो, की तिथेही फुटक्या सायलेन्सरची डाळ शिजली नसती.

"मग काय, विकूनच टाकू?" भिकनभाऊंनी विचारलं. यावेळी ते हळू बोलले.

"आत हात वर करता ना? मग गेटच्या बाहेर आल्यावर ते का सोडता?"

भिकनभाऊंनी गेटकडे वळून पाहिलं.

"बाहेर पण तीच माणसं आहेत. तेच कान आहेत. गर्दी दिसली की गाडी पायावर घ्या, दोन्ही पाय टेकवत हळूहळू. समोरच्याने तुमच्याकडे बघितलं, हात केला, तरच पुढे. लूमला लावता तो नियम चाकाला लावा."

सुकलाल एवढा वेळ आमच्या तोंडांकडे बघत होता. त्याने मान डोलावली आणि हात वर केला.

दुसऱ्या दिवशी वर्कशॉपमध्ये जाळी परत बसवली. हॅलोजन काढले. हेडलाइट भिंतीवर मारून पाहिला, तर तो मुळातच आभाळाकडे बघत होता. तो खाली वळवला, म्हणजे रस्ता दिसावा आणि समोरच्याचे डोळे दिपू नयेत. ब्रेक शू बदलले, टेल लॅम्प नवा टाकला आणि दोन्ही बाजूंना मोठे आरसे लावले. ज्याला मागचं ऐकू येत नाही त्याला मागचं दिसलं तरी पाहिजे. कान तपासायला डॉक्टरकडे जायचं वचनही घेतलं. आरसे दोन विकले गेले म्हणून नटूभाईंचा राग अर्धा उतरला. उरलेला अर्धा त्यांनी शोकेसमधल्या हॅलोजनकडे बघत गिळला.

गाडी न्यायला भिकनभाऊंबरोबर सिंधूताई आल्या होत्या, त्यांच्या पत्नी. त्यांनी आधी मला एकदा नीट न्याहाळलं. मग नवऱ्याला गाडीवर बसवून गेटबाहेर पाठवलं आणि स्वतः पदर खोचून रस्त्याच्या कडेला उभ्या राहिल्या. भिकनभाऊ आले, थांबले, बायकोच्या डोळ्यांत बघून त्यांनी हात वर केला. सिंधूताईंनी त्यांना चांगलं ताटकळत ठेवलं. मागे दोन स्कूटर थांबल्या. मग त्यांनी हात वर केला.

"ऱ्हाऊ द्या फटफटी," त्या म्हणाल्या. "पन हात कऱ्याबिगर पुढे जावानं नही." एवढं बोलून त्या मागे बसल्या. भिकनभाऊंचा चेहरा असा खुलला, की मलाच काहीतरी बक्षीस मिळाल्यासारखं वाटलं.

आवाज वाढवून द्या म्हणणारे नंतरही येत राहिले. प्रत्येकाला वाटायचं, आपण येतोय हे जगाला कळलं की आपण सुरक्षित. मी एकच विचारायचो, कुणाला ऐकवायचंय? ज्याला ऐकू जाणं गरजेचं असतं तो नेमका ऐकत नसतो, आणि आपल्या गोंगाटात आपणही त्याचं ऐकत नाही. दिवा जरूर हवा, पण तो रस्त्यावर पडावा, समोरच्याच्या डोळ्यांत नाही.

त्यानंतर बऱ्याच दिवसांनी, संध्याकाळी, मी स्कूटरवरून घरी चाललो होतो. उधन्याकडे जाताना डाव्या गल्लीतून एक मोटारसायकल आली आणि तोंडाशी थांबली. मोठ्या आरशांवरून मी ओळखली. भिकनभाऊंनी माझ्याकडे पाहिलं आणि हात वर केला. मागे बसलेल्या सुकलालनेही केला. मी ब्रेक मारून हात वर केला, तेव्हाच ते निघाले.

गाडी जवळून गेली तेव्हा मी कान देऊन ऐकलं. अगदी शिलाई मशीन चालल्यासारखी वाटत होती.