कोष्टकाचे खालचे अर्धे

लोणावळ्याच्या एका शाळेत मी गणित शिकवत असे. तिथेच तुंगार्लीला एका बंगल्याच्या मागच्या दोन खोल्यांत आम्ही नवराबायको राहत होतो. फावल्या वेळात मी वीज आणि चुंबकत्व यांवर एक निबंध लिहीत होतो. रुळांशेजारी उभ्या माणसाला जी नुसती वीज भासते, तिच्यातच धावत्या गाडीतल्या माणसाला थोडे चुंबकत्वही सापडते. म्हणजे दोन्ही एकच, फरक पाहणाऱ्याच्या चालीचा. हे सगळे सोळा घरांच्या एका कोष्टकात बसते. कर्णावरची चार घरे शून्य, आणि कर्णाच्या वर जे असेल तेच खाली, फक्त चिन्ह उलटे. त्या कोष्टकापायी मी तीन वर्षे घातली. निबंध पसंत पडला तर पुण्याच्या कॉलेजात जागा मिळणार होती. माझी सारी भिस्त त्यावर होती.

माझे अक्षर म्हणजे कुत्र्याचे पाय मांजराला. बायको इंदुरी गावच्या शेतकऱ्याची मुलगी, चौथी शिकलेली, पण ती परकी अक्षरेसुद्धा रांगोळीइतकी नेटकी काढी. म्हणून शुद्ध प्रत तिने केली. लढाईमुळे कागद मिळत नव्हता, तेव्हा कच्च्या प्रतीत मी अशा साऱ्या कोष्टकांचे वरचे अर्धेच लिहिले होते. खालचे तिने भरले, ठिपक्यांची रांगोळी एका बाजूवरून दुसरीकडे पुरी करतात तसे. उलटे चिन्ह एकाही घरात नव्हते. मी तपासायचा कंटाळा केला आणि निबंध पोस्टात टाकला.

तो परत आला. कॉलेजातल्या प्राध्यापकांनी लिहिले होते की पहिले कोष्टकच चुकले आहे, पुढे वाचले नाही. जागा दुसऱ्या कोणाला मिळाली.

मी तिला नाही नाही ते बोललो. अडाण्याच्या हाती काम दिले हेच चुकले, असेही म्हणालो. ती एवढेच म्हणाली, "तुमी लिवलंतं तसंच भरलं." मला ती सारवासारव वाटली. दुसऱ्या दिवसापासून आमच्या दारात रांगोळी पडली नाही.

आठवड्याने मी कच्ची प्रत काढली. पहिल्या कोष्टकाच्या रिकाम्या अर्ध्यात माझ्याच हातचे होते, 'वरच्याप्रमाणे'. उलटे चिन्ह माझ्या इतके अंगवळणी पडले होते की लिहायचे सुचलेच नाही. मला स्वतःची किळस आली. उद्या सांगू, उद्या सांगू, म्हणत मी दोन वर्षे काढली.

मग तिला विषमज्वर झाला. एका दुपारी तिने डोळे उघडून विचारले, "माज्यामुळं तुमचं लय नुकसान झालं, न्हवं?"

कच्ची प्रत समोरच्या पेटीत होती. मी तिला पाणी पाजले आणि पांघरूण सारखे केले.