पडद्यामागून पाहिलेलं रॉकेट

लग्नाच्या पहिल्याच वर्षी कारंज्याला तंबूतला सिनेमा आला. परदेशी, रंगीत, अवकाशातल्या सफरीचा. पुरुष पडद्यासमोर बसले, आम्हा बायकांना पडद्यामागे बसवलं. घरात त्यांच्यामागून जेवायचं, तंबूत पडद्यामागून पाहायचं! तिथून सगळं उलटं दिसे, उजवं ते डावं. तरी ते लाल डोंगर, काचेचे महाल आणि डावीकडे झेपावणारं रॉकेट पाहून मी हरखून गेले.

घरी नवऱ्याला वाढताना म्हणाले, "रॉकेट डावीकडे कसं सुसाट गेलं!"

"उजवीकडे गेलं. तुले काय समजते त्यातलं?" तो खेकसला.

मी सासूकडे पाहिलं. तंबूत ती माझ्या मांडीला मांडी लावून बसली होती.

"उजवीकडेच गेलं," ती म्हणाली. "तो म्हन्ते ना!"