काकूंनी अनवाणी निवडलेला सबवूफर

आज सकाळी मी माझ्या मित्राचा पाय उचलला आणि त्याचा सूर बंद केला.

हो, मीच. टायपिंगच्या चुका चालवून घ्या.

हेमंत गेला. आमचा हेम्या. माझ्या समोरच्या फ्लॅटमधला. काल संध्याकाळी माझ्याकडून विरजण घेऊन गेलेला धडधाकट माणूस!

हार्ट अटॅक म्हणे. पन्नाशीसुद्धा गाठली नव्हती हो.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. हेम्याच्या घरी पाइप ऑर्गन होता. म्हणजे खरा नाही. मोठ्या चर्चमध्ये भिंतभर पाइप असतात ना, त्या एकेका पाइपचा रेकॉर्ड केलेला आवाज याच्या कॉम्प्युटरमध्ये. समोर दोन कीबोर्ड आणि खाली लाकडी पट्ट्या, त्या पायाने दाबायच्या.

पंचवटीतल्या भिक्षुकाच्या घरातला मुलगा हा! कंपनीने एकदा जर्मनीला पाठवलं, थंडी वाजते म्हणून एका चर्चमध्ये शिरला आणि हे वेड घेऊन परत आला.

पेटी आम्ही दोघं त्याच्या आईकडेच शिकलो. कुसुमकाकू. भयंकर कडक. सूर चुकला की बोटांवर पट्टी.

त्याच काकूंना गेली काही वर्षं अजिबात ऐकू येत नाही. मशीन लावूनही नाही. ओठ बघून समजून घेतात.

आपण रोज वाजवतो आणि आईपर्यंत त्यातलं काहीच पोहोचत नाही, हे हेम्याला आतून खायचं. लग्न केलं नाही, घरात ही दोघंच.

म्हणून ते स्पीकरचं खूळ.

"शुभे, गाडी काढ. कॉलेज रोडला जायचंय."

दर रविवारी! कारण घासाघीस मी करायची. साहेब लाजणार.

पहिल्या दुकानदाराने सरळ मिरवणुकीतले बॉक्स दाखवले. "सर, एकच तगडा ॲम्प्लिफायर घ्या. काचा हलतील काचा!"

हेम्या म्हणाला, "काचा नाही हलवायच्या. पाइपमध्ये हवा शिरते ना, ती ऐकू यायला हवी."

दुकानदार माझ्याकडे बघायला लागला. मी काय सांगणार, कप्पाळ?

याला हवे होते आठ स्पीकर. आणि प्रत्येकाला आपला वेगळा, छोटा ॲम्प्लिफायर.

"कान दोनच आहेत ना रे तुला?"

"पण पाइप शेकडो आहेत, शुभे. सगळे दोन स्पीकरमध्ये कोंबले की नुसता कालवा होतो. वाटून दिले की मोकळे वाजतात आणि मग खोलीत मिसळतात."

हे मी किती वेळा ऐकलं असेल! झोपेतही सांगेन आता.

राहिला सबवूफर. सगळ्यात खालच्या सुरांसाठी. ते सूर म्हणे कानाला कमी आणि अंगाला जास्त कळतात. आणि तिथे या माणसाचं डोकं चाललं.

काकूंनाच दुकानात घेऊन गेला!

डेमो रूमला लाकडी जमीन होती. काकूंना खुर्चीवर बसवलं, चपला काढायला लावल्या.

दुकानदार म्हणाला, "आजींना ऐकू येतं ना?"

"नाही. म्हणूनच आणलंय."

पहिला सबवूफर लावला. काकू म्हणाल्या, "ट्रक चाललाय."

दुसरा. "पिठाची गिरणी."

तिसऱ्याला डोळे मिटून बसल्या. मग हळूच म्हणाल्या, "हा सूर आहे रे. हाच घे."

हेम्या दुकानात रडला. मीही रडले. घासाघीस राहूनच गेली.

घरी त्याने एक मोठी लाकडी फळी करून घेतली. तिच्यावर एका टोकाला सबवूफर, दुसऱ्या टोकाला आईची खुर्ची. दुकानदार बिचारा सांगत होता, "सर, फळीवर ठेवू नका, फळी हलते."

"हलू दे."

तेव्हापासून रोज सकाळी काकू चहाचा कप घेऊन, पाय टेकून बसायच्या. आणि तळपायाने मुलाच्या चुका काढायच्या! "आज घाई केलीस." "मधेच का सोडलास?" हेम्या खूश.

मला एकदा म्हणाला होता, "पेटीचा भाता थांबला की सूर मरतो. याचं तसं नाही. पाय आहे तोवर सूर आहे."

मी म्हटलं, "भाषण पुरे. चहा घे."

आज सकाळी बेल वाजली. दारात काकू, अनवाणी.

"शुभा, हेमंत पाय काढत नाहीये."

मी चिडूनच गेले. एकच सूर, खोल, चालूच. हेम्या बाकावर, बाजूच्या भिंतीला डोकं टेकून. "अरे बास की! सोसायटीवाले येतील आता," म्हणून ओरडले मी त्याच्यावर.

मग त्याचा चेहरा बघितला.

वरच्या मजल्यावरचे डॉक्टर धावत आले. त्यांनी तपासलं, गेला म्हणून मान हलवली. काकू फळीवर उभ्या होत्या, डॉक्टरांच्या ओठांकडे बघत.

"नाही हो," काकू म्हणाल्या. "वाजवतोय ना तो."

देवा रे.

डॉक्टर मला म्हणाले, "आधी हे बंद करा." आठ ॲम्प्लिफायर, कुठलं बटण कशाचं मला काय माहीत? मी खाली वाकले आणि हेम्याचा पाय पट्टीवरून उचलला. अजून ऊबदार होता.

काकूंनी आपल्या पायांकडे पाहिलं.

"थांबला," म्हणाल्या. आणि खाली बसल्या.

संध्याकाळी अमरधाम स्मशानातून आलो. काकू पुन्हा त्याच फळीवर पाय टेकून बसल्यात. मी शेजारी बसून हे लिहितेय. उठा म्हणायची माझी हिंमत नाही.

हेम्या, मूर्खा, असं जातात का रे?

काकूंची काळजी करू नकोस. मी समोरच आहे.

तुला आमच्या दोघींचा शेवटचा नमस्कार.